टेकडी चढावी की सोसायटीतच फेऱ्या माराव्यात? (शुगर काठावर, गुडघा कुरकुरतोय)

पावशेर

नमस्कार मंडळी. प्रश्न अगदीच घरगुती आहे पण घरात विचारला की जितकी तोंडं तितकी उत्तरं येतात म्हणून धागा काढतोय. वय ४४, राहायला कोथरूड, काम दिवसभर लॅपटॉपसमोर. मागच्या महिन्यात ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आलं, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) पण वर. डॉक्टर म्हणाले अजून डायबेटिस नाही, काठावर आहात, गोळी नको, तीन महिने चाला, जेवणाकडे बघा, मग परत तपासू. चाला म्हणजे किती, कुठे आणि कसं हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

मग दोन आठवडे सोसायटीत गोल गोल फिरलो. एक फेरी म्हणजे २८० पावलं (मोजलीत), आणि विसाव्या फेरीला वॉचमनकाका पण "साहेब काही हरवलंय का" म्हणाले. मागच्या रविवारी शेजारचे काका एमआयटी कॉलेजच्या मागच्या बाजूने वेताळ टेकडीवर घेऊन गेले. चढताना जीव घशाशी आला, तीनदा बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने थांबलो, पण वर गेल्यावर वारा, मोर ओरडतायत, खाणीतलं पाणी, खाली अख्खं पुणं, एकदम झकास वाटलं आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. उतरताना मात्र उजवा गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला आणि सोमवार-मंगळवार मांड्या इतक्या धरल्या की कमोडवर बसताना भिंत पकडायला लागत होती.

आमचे बाबा ७२ वर्षांचे, पंचवीस वर्षं पर्वती चढतायत, १०३ पायऱ्या, पाऊस असो नाहीतर थंडी. त्यांचं म्हणणं टेकडीशिवाय पर्याय नाही. बायकोचं म्हणणं चाळीशीनंतर गुडघे एकदा गेले की गेले, सपाटीवरच चाल. तर खरंच टेकडीचा वेगळा फायदा असतो का, की हा नुसता पुणेरी अभिमान आहे? आणि रोज चढायची का एक दिवसाआड?

वेताळाचा शेजारी

पावशेर, अभिनंदन, म्हणजे शुगरबद्दल नाही, टेकडीबद्दल. मी बावीस वर्षं जातोय, आधी हनुमान टेकडी, घर बदलल्यापासून वेताळ. हिशोब साधा आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि वेताळबाबाचं देऊळ ८०० च्या आसपास, म्हणजे पार खालून गेलात तर स्वतःचं वजन सव्वादोनशे-अडीचशे मीटर वर उचलून नेताय. ऐंशी किलोचा माणूस ऐंशी किलो वर नेतो, फुकटात. सोसायटीच्या सपाट फरशीवर हे कुठून होणार? सपाटीवर छातीचा भाता हलायला जवळजवळ पळावं लागतं, चढावर हळू चाललात तरी हलतो.

पण तुम्ही केलीत ती चूक नवीन आलेला प्रत्येकजण करतो, पहिल्याच दिवशी काकांच्या वेगाने चढायचं. काकांचे पाय वीस वर्षं मुरलेत हो. सोपी खूण सांगतो, चढताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करा आणि लेसचं निमित्त कशाला, सरळ थांबा. वर कोणी बक्षीस घेऊन उभं नाहीये.

दुसरं म्हणजे मुरूम. उताराला कोरड्या मुरमावरची बारीक खडी पायाखाली गोट्यांसारखी सरकते, माणसं चढताना पडत नाहीत, उतरताना गप्पांच्या नादात पडतात. तळ झिजलेले ऑफिसचे स्पोर्ट्स शूज घालून येऊ नका. आणि पाऊस संपला की कुसळ, मोज्यात घुसलं की घरी येईपर्यंत टोचत राहतं, त्याला औषध नाही. पावसाळ्यात अंधारात येणार असाल तर टॉर्च पाहिजेच, घोणस पायवाटेवर असते, आणि ती सरकत नाही, आपणच बघायचं असतं.

आणि एक गंभीर गोष्ट. आमच्या ग्रुपमधल्या एकाला चढताना छातीत जड व्हायचं, थांबला की जायचं. सहा महिने तो अ‍ॅसिडिटी समजून गोळ्या खात होता. अँजिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. चढताना येतं आणि थांबलं की जातं असं काहीही असेल, छातीत, जबड्यात, डाव्या हातात, तर टेकडी बंद आणि आधी डॉक्टर. तुमचं वय आणि रिपोर्ट बघता सुरू करायच्या आधी एकदा ईसीजी-बीपी दाखवून घ्या.

सातारी तर्री

पुण्यात टेकडी चढायला पण धागा काढायला लागतो का राव 😄 आमच्याकडं पहाटे उठायचं आन् अजिंक्यतारा किल्ला. निम्मा सातारा तिथंच भेटतो, वकील, दूधवाला, रिटायर मास्तर, भरतीची तयारी करणारी पोरं. पोरं पळत वर जात्यात, आपण मंगळाईच्या देवळापर्यंत जायचं, पाया पडायचं, खाली यायचं. डांबरी रस्ता हाय वरपर्यंत, ज्याचं गुडघं दुखत्यात त्यानं उतरताना रस्त्यानं यायचं, पायवाटेनं नाही. हे तुमाला पण चालंल बघा, चढ पायवाटेनं, उतार डांबरीनं.

फक्त खाली आल्यावर कंदी पेढे घेऊ नका, तिथंच सगळं फिटतंय. मी सहा महिने चढत होतो आन् वजन दीड किलो वाढलं, का ते बायकोनं बरोब्बर ओळखलं.

फिजिओताई

पावशेर, तुमच्या मांड्या दुखल्या त्या चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत ताकद लावतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात ब्रेकचं काम करतो, आणि ब्रेकचं काम जास्त मार देणारं असतं. म्हणून दुखणं त्या दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त येतं, ते तीन-चार दिवसांत जातं आणि पुढच्या वेळी निम्मं पण होत नाही. घाबरू नका.

गंमत म्हणजे उतरण्याचा पण स्वतःचा फायदा आहे. ऑस्ट्रियात आल्प्सच्या डोंगरावर एक प्रयोग झाला होता, लोकांना काही आठवडे फक्त चढायला लावलं आणि उतरायला रोपवे दिला, मग उलट केलं. चढण्याने ट्रायग्लिसराइड्स सुधारले आणि उतरण्याने ग्लुकोज पचवण्याची क्षमता. म्हणजे तुमच्या दोन्ही रिपोर्टांना टेकडीची एकेक बाजू लागू आहे असं म्हणा हवं तर. एका छोट्या प्रयोगावर फार इमारत बांधू नये, पण उतरणं म्हणजे नुसती झीज ही समजूत चुकीची आहे.

गुडघ्याचं बोलायचं तर पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे दुखणं हे तुमच्या वयात बहुतेकदा मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू कमजोर असल्यामुळे असतं. गुडघा "गेला" म्हणून नसतं. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणाऱ्याचे कुल्ल्याचे स्नायू झोपलेलेच असतात. रोज घरी खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, दहाचे दोन सेट. दात घासताना टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवरून एक पाय हळूहळू जमिनीला टेकवून परत वर घेणं, घाई न करता. तीन-चार आठवड्यांत फरक कळतो. उतरताना पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, सरळ खाली न येता जरा तिरपं नागमोडी यायचं आणि हातात काठी. काठी म्हातारपणाची खूण नाहीये हो, दोन पायांचा भार तीन ठिकाणी वाटला जातो एवढंच.

आठवडाभर तरी रोज नको. दिवसाआड टेकडी, मधल्या दिवशी सपाटी. गुडघ्याला सूज आली, गुडघा अडकला किंवा "निसटल्या"सारखा झाला तर मात्र इथे धागा काढत बसू नका, दाखवा.

अजून एक, ओबडधोबड वाटेवर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, त्यामुळे घोटा आणि तोल सांभाळणारे स्नायू सतत जागे राहतात. सोसायटीच्या फरशीवर किंवा ट्रेडमिलवर हे होत नाही. माझ्याकडे पडून खुब्याचं हाड मोडलेले जे सत्तरीचे पेशंट येतात त्यातले बरेचसे घरातल्या घरात, बाथरूमपाशी पडलेले असतात. तोल हा पण सराव आहे, आणि तुमचे बाबा पंचवीस वर्षं तो करतायत.

शिळ्यापोळ्या

वरच्या सगळ्यांना अनुमोदन, पण जरा दुसरी बाजू. टेकडी, टेकडी करताना हे कोणी लिहिलं नाही की पहाटे साडेपाचला एकटी बाई टेकडीवर जाऊ शकत नाही. मी जाते, पण साडेसहानंतर, चौघी मिळून, आणि जिथे वर्दळ असते त्याच वाटेने. संध्याकाळी अंधार पडायच्या आत खाली. मोबाइलवर लोकेशन घरच्यांना शेअर केलेलं असतं. आणि साडेसहाला घर सोडायचं तर त्याच्या आधी डबे झालेले हवेत, ही टेकडी वेगळीच, ती कोणी मोजत नाही.

आता पावशेर, तुमच्या शुगरबद्दल. मी बायोकेमिस्ट्रीची माणूस आहे त्यामुळे थोडं बोअर करते. चालण्याने काय होतं तर काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न बघता आत ओढतो, आणि हा परिणाम चालून झाल्यावरही बरेच तास टिकतो. म्हणून आठवड्यातून एकदा सिंहगड करून सहा दिवस सोफ्यावर, हे चालत नाही. भारतातला पुरावा पण आहे, चेन्नईचा एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, तुमच्यासारखेच काठावरचे ५३१ लोक घेतले होते, ज्यांनी आहार बदलला आणि रोज अर्धा तास चालणं ठेवलं त्यांच्यात तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी दिलेल्यांमध्ये २६.४. म्हणजे आहार आणि चालणं मिळून गोळीच्या तोडीस तोड.

पण सकाळची टेकडी झाली म्हणून रात्रीचं जेवण करून लगेच आडवं व्हायचं नाही. २०१३ मधला एक अभ्यास आहे, छोटाच, दहा जणांचा, साठीच्या पुढचे लोक. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं हे सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच दिवसभराच्या साखरेसाठी उपयोगी पडलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेसाठी तर जास्तच. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या फेऱ्या वाया गेल्या नाहीत, फक्त त्या रात्री नऊला मारा. शतपावली म्हणायची आजी, तिला पेपर वाचायची गरज पडली नाही.

रच्याकने, ते १०,००० पावलांचं खूळ डोक्यातून काढा. १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलं मोजणारं असं होतं, आकडा जाहिरातीतून आला. नंतर २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीच्या आतल्यांना ८ ते १० हजार आणि साठीच्या पुढच्यांना ६ ते ८ हजारांच्या आसपास फायदा स्थिरावताना दिसला. टेकडीवरची पाच हजार आणि फरशीवरची पाच हजार पण एकसारखी नाहीत, घड्याळाला ते कळत नाही.

निसर्गोपचारी

एवढी चर्चा कशाला? टेकडीच्या पायथ्याशी कारल्याचा आणि गव्हांकुराचा रस मिळतो, उपाशीपोटी रोज एक ग्लास, माझ्या मेव्हण्याची शुगर गोळ्या न घेता नॉर्मल. पहाटेच्या कोवळ्या उन्हात फिरा, डी जीवनसत्त्व पण आपोआप.

शिळ्यापोळ्या

@निसर्गोपचारी मेव्हण्याचं कौतुक आहे. पण सहाच्या उन्हात डी बनत नाही, त्याला लागणारे किरण सूर्य बराच वर आल्याशिवाय जमिनीपर्यंत पुरेसे पोचतच नाहीत, पुण्यात अकरा ते दोनचं ऊन लागतं. पहाटे फिरणारे माझ्या ओळखीतले निम्मे लोक डी कमी म्हणून सॅशे घेतात. आणि जे लोक ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात त्यांनी उपाशीपोटी टेकडी अधिक कारलं हा प्रयोग अजिबात करू नये, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते आणि टेकडीवर चक्कर येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. असे लोक असतील तर खिशात ग्लुकोज किंवा निदान चार गोड गोळ्या-चॉकलेटं ठेवा. पावशेर, तुम्हाला गोळी नाही त्यामुळे तुम्हाला हे लागू नाही.

वेताळाचा शेजारी

पहाटेवरून आठवलं. डिसेंबर-जानेवारीत वरून खाली बघा, शहरावर करड्या धुराची दुलई पसरलेली असते, थंड हवा खाली अडकते आणि तिच्यात गाड्यांचा आणि शेकोट्यांचा धूर. चढताना आपण तीच खोल खोल श्वास घेत फुफ्फुसात भरतो. ज्यांना दमा आहे त्यांनी थंडीत सूर्य वर आल्यावर, आठ-साडेआठला निघावं. आमचे काही वीर पाचलाच जातात आणि खोकत खाली येतात, सांगून दमलो.

आणि खरं सांगू का, बावीस वर्षं मी स्नायूंसाठी गेलो नाही. सुरुवातीला बीपीसाठी गेलो, नंतर माणसांसाठी. आठ-नऊ जण आहोत. एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो. एकाची बायको गेली तेव्हा तो महिनाभर आलाच नाही, मग दोघं त्याच्या दारात जाऊन उभे राहिले, बूट घाल म्हणाले, काही बोलायचं नाही फक्त चालायचं. तो आता रोज येतो आणि सगळ्यात जास्त बडबड त्याचीच असते. हे कुठल्या रिपोर्टमध्ये दिसणार? बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून न्यायचं घाटत होतं तेव्हा २०२३ च्या मोर्चात हाच ग्रुप गुडघ्याला पट्टे बांधून चालला होता. आम्हाला जिम परवडत नाही असं नाही, पण जिममध्ये "काय हो, काल कुठे होता" असं कोणी विचारत नाही.

कालव्याकाठी

न्यू जर्सीतून लिहितेय. आमच्याकडे टेकडी नाही पण डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने पायवाट आहे, कालवा १८३४ मध्ये सुरू झाला, तेव्हा खेचरं काठावरून बोटी ओढत नेत, आता त्याच वाटेवर आपण चालतो. जवळजवळ सत्तर मैल, जवळपास सगळी सपाट, बारीक खडीची, गाड्यांचा त्रास नाही. आईबाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले की पहिला आठवडा घरात कोंडल्यासारखे असतात, इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही ना. ही वाट दाखवल्यापासून दोघं रोज सकाळी जातात, आणि तिथे त्यांना एक तेलुगू आजोबा आणि एक गुजराती जोडपं भेटलंय, सगळे मोडक्या हिंदीत बोलतात. आईचं बीपी इथे आल्यावर वाढायचं, दोन वर्षं झाली वाढत नाही, चालण्यामुळे का गप्पांमुळे ते तिलाच माहीत.

ज्यांचे आईवडील इकडे येणार असतील त्यांना एक सूचना, उन्हाळ्यात गवतात गोचीड असते, खसखशीच्या दाण्याएवढी, चावली तर लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यात खोचायची (बाबांना ते फारच अपमानास्पद वाटतं) आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघायचं. वाटेच्या मधून चाला, कडेच्या गवतातून नको.

पावशेर, सपाटीला कमी लेखू नका एवढंच. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, तिला टेकडी शक्य नाही, कालवा शक्य आहे.

पावशेर

धागा वर काढतोय, तीन महिने होऊन गेलेत, अपडेट द्यायचं राहिलं होतं. ईसीजी नीट आला. फिजिओताईंचे तिन्ही व्यायाम केले (पायरीवाला सगळ्यात वैताग), पाचव्या आठवड्यात उतरताना गुडघा दुखायचा थांबला, आता फार पाऊस असला तरच जाणवतो. टेकडी आठवड्याला तीन दिवस, रात्री जेवून सोसायटीत पंधरा मिनिटं, बायको पण येते आता, वॉचमनकाकांनी आशा सोडली आहे. जुलैमध्ये तीन आठवडे बुडाले, पाऊस आणि ऑफिसातलं एक रिलीज, दोन्ही एकदम आले.

एचबीएवनसी ६.० आलं. डॉक्टर म्हणाले हा तीन महिन्यांचा सरासरी हिशोब असतो, बुडालेले आठवडे धरून बरं आहे, अजून तीन महिन्यांनी या. ट्रायग्लिसराइड्स बरेच खाली. वजन फक्त दोन किलो उतरलं, मला पाच-सहाची अपेक्षा होती, पण उतरल्यावर मिसळ खायची सवय काकांनीच लावली त्याला मी काय करणार. आता महिन्यातून एकदाच म्हणून ठरलंय.

बाबांना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, टेकडीने सहा, पर्वतीने पाच पूर्णांक काहीतरी आलं असतं.

शेजारी, तुमचा ग्रुप रविवारी किती वाजता आणि कुठून निघतो? आणि काठी कसली घेऊ, ती दुमडणारी चांगली का साधी बांबूची?

वेताळाचा शेजारी

साधी बांबूची, खांद्यापेक्षा जरा खाली येईल इतकी. दुमडणारीचा स्क्रू उताराला ढिला होतो, एकाची झाली होती. रविवारी सव्वासहा, एमआयटीच्या मागचा चढ सुरू होतो तिथे. सहा वीसला निघतो, थांबत नाही. मिसळीचे पैसे नवीन माणूस देतो.